रॅक-पिनियनची झीज नेमकी कुठे आहे, हे कसं शोधावं

रॅक म्हणजे दात असलेली लांब पट्टी, आणि पिनियन म्हणजे तिच्यावर फिरून मशीनचा सरकता भाग (कॅरेज) पुढे-मागे नेणारं छोटं दातेरी चाक. अक्षाची दिशा उलटली की कंट्रोलरवरचा आकडा बदलतो, पण कॅरेजवर लावलेल्या मोजमापाच्या डायलचा काटा थोडा वेळ जागचा हलत नाही. कापलेल्या वर्तुळाला पायरी येते, कडेवर लाटा दिसतात. असं झालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "रॅक गेला." मग महागडा रॅक मागवला जातो, दोन दिवस मशीन बंद राहतं आणि नवा रॅक बसवूनही प्ले (जोडांमधली मोकळी हालचाल) तेवढाच राहतो, कारण ढिलेपणा गिअरबॉक्सच्या फ्लँजमध्ये (बोल्टने बसवायच्या कडेत) होता.

मोटरपासून कॅरेजपर्यंत चार-पाच जोड असतात आणि प्रत्येक जोड आपापला प्ले टाकतो. डायलवर दिसते ती सगळ्यांची बेरीज. ही बेरीज फोडायची कशी, याची पद्धत पुढे दिली आहे. लेझर, प्लाझ्मा, राउटर, प्लॅनो-मिलर अशा लांब अक्षाच्या कोणत्याही मशीनला ती लागू पडते. लेथच्या कॅरेजच्या रॅकलाही पडते, फक्त तिथे सर्व्होच्या (कंट्रोलरने चालवलेल्या मोटरच्या) जागी हँडव्हील समजा.

आकडे एकाच उदाहरणावर बेतले आहेत: मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) ३, तिरपे दात, २० दातांचा पिनियन, ३ मीटरचा अक्ष. सरळ दातांच्या मोड्यूल ३ रॅकचा पिच (शेजारच्या दोन दातांमधलं अंतर) ९.४२५ मिमी असतो. तिरप्या दातांचा कोन बहुतेक रॅकवर १९ अंश ३१ मिनिटं ४२ सेकंद असा चमत्कारिक वाटणारा असतो, पण त्यामुळेच पिच नेमका १० मिमी होतो आणि पिनियनच्या एका फेऱ्यात अक्ष बरोबर २०० मिमी सरकतो. पिनियनचा पिच व्यास (दात जिथे जुळतात त्या कल्पित वर्तुळाचा व्यास) ६३.६६ मिमी येतो. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील तर पिच, एका फेऱ्यातलं अंतर आणि पिच व्यास हे तीन आकडे आधी काढून कागदावर लिहा. पुढे प्रत्येक पायरीत ते लागतील.

काय काय जवळ हवं

- ०.००१ मिमीचा डायल, किमान दोन (एक लिव्हरचा, एक प्लंजरचा), आणि मॅग्नेटिक स्टँड
- ग्राइंड केलेली पिन. व्यास साधारण मोड्यूल × १.६७, म्हणजे मोड्यूल २ ला ३.३ मिमी, ३ ला ५ मिमी, ४ ला ६.७ मिमी
- फीलर गेज, डिस्क मायक्रोमीटर, टॉर्क रेंच
- मार्किंग ब्लू (दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग), पांढरं सुती फडकं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक
- टॉर्च, १० पट दाखवणारं भिंग, पेंट मार्कर, फोटोसाठी मोबाइल
- कागदपत्रं: मॅन्युअलमधलं त्या अक्षाच्या ड्राइव्हचं पान, गिअरबॉक्सच्या नेमप्लेटवरचा रेशो आणि आर्क-मिनिटातला (अंशाच्या साठाव्या भागातला) प्ले, पॅरामीटरचा बॅकअप, आणि मशीनची अचूकता मोजलेला आधीचा बॉलबार किंवा लेझर रिपोर्ट असेल तर तोही

१. आधी सुरक्षितता

उभ्या अक्षाचा पिनियन किंवा गिअरबॉक्स सोडण्यापूर्वी कॅरेजला खालून ठोस आधार द्या. रॅकमधून पिनियन सुटला की मोटरच्या ब्रेकचा काही उपयोग उरत नाही, सगळं वजन खाली येतं. कव्हर काढून जॉग करायचं (बटणाने अक्ष हलवायचा) असेल तर फीड ओव्हरराइड अगदी कमी ठेवा आणि एक माणूस इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून उभा करा. दात पुसायचे असतील तेव्हा मेन स्विच बंद करून कुलूप लावा. फिरत्या पिनियनजवळ फडकं कधीही नेऊ नका. दाताने फडकं ओढलं की हात सोडवायला वेळ मिळत नाही.

२. कंट्रोलर काय लपवतोय ते पाहा

बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (दिशा उलटताना प्ले भरून काढायला कंट्रोलर आपणहून देतो ती जादा हालचाल) चालू असताना घेतलेलं माप खोटं असतं. फानुकवर पॅरामीटर १८५१, सीमेन्सवर मशीन डेटा ३२४५० पाहा, आकडा लिहून ठेवा आणि तपासणीपुरता शून्य करा. या आकड्यातच बरंच काही कळतं. बॅकअपमध्ये ०.०२ होता आणि आज ०.११ असेल, तर मधल्या काळात कोणीतरी झीज झाकत आलं आहे.

अक्षाला लिनिअर स्केल (कॅरेजची जागा थेट मोजणारी पट्टी) आहे की फक्त मोटरचा एन्कोडर (मोटरचं फिरणं मोजणारा), हेही आत्ताच पाहून घ्या. फक्त एन्कोडर असेल तर कंट्रोलरला दातांमधला प्ले दिसत नाही आणि चूक थेट जॉबवर (कापल्या जाणाऱ्या वस्तूवर) उतरते. स्केल असेल तर जागेची चूक भरून निघते, पण अक्ष थांबल्यावर पुढे-मागे थरथरत राहतो. ही थरथर पाहून गेन (चुकीला सर्व्हो किती जोराने उत्तर देतो ते सेटिंग) कमी करत बसणं हा नेहमीचा सापळा आहे. गेन कमी केला की थरथर थांबते, झीज चालूच राहते.

३. ग्रीस पुसण्याआधी वाचा

तपासणीला येणारा माणूस पहिलं काम म्हणून रॅक लख्ख पुसून टाकतो आणि अर्धा पुरावा फडक्याबरोबर जातो. आधी तीन ठिकाणांहून ग्रीस पांढऱ्या फडक्यावर घ्या: जास्त वापराच्या पट्ट्यातून, टोकाकडून आणि पिनियनवरून.

चकाकणारी चंदेरी भुकटी चुंबकाला चिकटली तर पोलाद ताजं झिजतंय. लालसर तपकिरी लगदा असेल तर एकाच जागी थांबून राहिलेल्या अक्षाचे दात कंपनाने घासताहेत आणि तिथे गंज तयार होतोय. काळं, हाताला करकरीत लागणारं ग्रीस म्हणजे धूळ मिसळली आहे. प्लाझ्मा आणि ग्राइंडिंगजवळच्या मशीनवर हे हमखास दिसतं. ग्रीसच नसेल तर ल्युब्रिकेटरचं फेल्टचं चाक तपासा. ते कोरडं पडून कडक झालं असेल तर ते वंगण देत नाही, दातांवरची धूळ मात्र फिरवत राहतं.

४. एकूण प्ले मोजा

स्टँड बेडवर, डायलचं टोक कॅरेजवर पिनियनच्या शक्य तितक्या जवळ. अक्ष एकाच दिशेने किमान १० मिमी आणा, म्हणजे दात एका बाजूला पक्के टेकतील. डायल शून्य करा. त्याच दिशेने ०.०१ च्या दहा पायऱ्या द्या आणि काटा बरोबरीने चालतोय का पाहा. मग उलट दिशेने ०.०१ च्या पायऱ्या द्या. काटा हलायला लागेपर्यंत किती पायऱ्या गेल्या, तो एकूण प्ले. एकाच जागी पाच वेळा घ्या. पाचही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. ते विखुरलेले येत असतील तर गाइडवेमधलं (कॅरेज ज्यावर सरकते त्या मार्गिकांमधलं) घर्षण किंवा स्टँडच ढिला आहे. ते सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा डायल कॅरेजच्या पलीकडच्या टोकाला लावून हीच चाचणी एकदा करा. दोन्ही आकड्यांत फरक पडला तर दिशा उलटताना कॅरेज तिरकी होतेय, म्हणजे गाइडवेचा किंवा त्यावर सरकणाऱ्या ब्लॉकचा ढिलेपणाही या बेरजेत आहे. गॅन्ट्रीला (बेडवरून आडव्या जाणाऱ्या पुलाला) दोन्ही बाजूंना रॅक असतात, तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

५. बेरीज फोडा: चार जागी डायल

सगळ्या तपासणीचा गाभा इथे आहे. घाई असेल तर बाकीच्या पायऱ्या आखूड करा, ही करू नका.

सर्व्हो चालू ठेवून मोटर धरलेली असू द्या आणि कॅरेज हाताने किंवा लाकडी दांड्याने एकदा पुढे, एकदा मागे ढकला. ढकलून सोडा आणि सोडल्यानंतरचा आकडा वाचा. जोर असताना दिसणाऱ्या हालचालीत धातूची लवचीकताही असते, ती सोडल्यावर परत जाते. प्ले मात्र जिथे ढकलला तिथेच राहतो. ढकलताना कंट्रोलरवर मोटरची जागाही पाहत राहा. ती बदलत असेल तर तेवढं वजा करावं लागेल. सर्व्हो बंद करून मोटरच्या ब्रेकवर विसंबू नका, ब्रेकमध्ये स्वतःचाच थोडा प्ले असतो. आणि अक्ष लिनिअर स्केलवर चालत असेल तर ही चाचणी अशी करता येत नाही, कारण कॅरेज हलली की कंट्रोलर मोटर फिरवतो. तिथे फीडबॅक मोटरच्या एन्कोडरवर घ्या, किंवा वीज बंद करून मोटरचा शाफ्ट यांत्रिक पद्धतीने जखडा.

आता डायलच्या जागा:

अ) बेडवरून कॅरेजवर: एकूण हालचाल.
आ) गिअरबॉक्सच्या बॉडीवरून पिनियनच्या दातावर, पिच व्यासाच्या उंचीवर: गिअरबॉक्स आणि त्याच्या शाफ्टचा वाटा.
इ) कॅरेजवरून गिअरबॉक्सच्या फ्लँजवर: माउंटिंग प्लेटचा वाटा.
ई) बेडवरून रॅकच्या टोकाच्या सपाट बाजूवर: रॅकच सरकतोय का.

अ मधून बाकी तिन्ही वजा केले की उरतो तो दातांमधला खरा प्ले. समजा अ ०.१४ मिमी, आ ०.०३, इ ०.०५ आणि ई शून्य आला. दातांमध्ये फक्त ०.०६ आहे आणि जवळजवळ तेवढाच प्ले माउंटिंग प्लेटच्या बोल्टमध्ये आहे. अशा मशीनवर रॅक बदलून काय हाती लागलं असतं?

गिअरबॉक्सचा आकडा त्याच्या नेमप्लेटशी पडताळता येतो. आपल्या पिनियनवर १ आर्क-मिनिट म्हणजे साधारण ०.००९ मिमी. नेमप्लेटवर ३ आर्क-मिनिट लिहिलेल्या गिअरबॉक्सचा वाटा ०.०२८ च्या आसपास यावा. ०.०८ आला तर गिअरबॉक्स आतून झिजला आहे, किंवा पिनियन शाफ्टवर सरकतोय. यातलं नेमकं कोणतं, ते ओळखायला पिनियन आणि शाफ्टवर मिळून पेंटची एक रेघ ओढा आणि काही तास मशीन चालवा. रेघ तुटली तर पिनियनला शाफ्टवर धरणारी चावी (key), क्लॅम्प किंवा श्रिंक डिस्क पकडत नाही.

ज्या अक्षावर दोन मोटर एकाच रॅकवर एकमेकींविरुद्ध ताण धरून चालतात, तिथे अक्ष थांबलेला असताना दोन्ही मोटरचा लोड पाहा. तो विरुद्ध चिन्हांचा आणि जवळपास सारखा हवा. शून्याकडे गेला असेल तर प्रीलोडच (हा ताणच) गेला आहे. दात मोजण्याआधी ते सेटिंग सुधारा. स्प्रिंगच्या दुभागलेल्या पिनियनमध्ये आधी स्प्रिंग पाहावी.

६. पूर्ण लांबीचा नकाशा काढा

एका जागेचं माप काहीच सांगत नाही. पण दर १०० मिमीवर माप घेण्याची सवयही फसवी आहे. पिनियनचा फेरा २०० मिमीचा असल्यामुळे दर १०० मिमीला त्याचे तेच दोन दात आलटून पालटून समोर येतात, बाकीचे अठरा दात तपासलेच जात नाहीत.

म्हणून दोन वेगळ्या मालिका घ्या. पहिली बरोबर २०० मिमीच्या अंतराने, पूर्ण लांबीभर. प्रत्येक मापात पिनियनचा तोच दात असतो, त्यामुळे जो फरक दिसतो तो रॅकचा. ३ मीटरवर १६ मापं होतात. दुसरी मालिका कमी वापराच्या टोकाकडे, २०० मिमीच्या पट्ट्यात दर १० मिमीला. तिथला रॅक जवळपास नवा असतो, त्यामुळे फरक दिसतो तो पिनियनच्या एकेका दाताचा. २० मापं होतात.

आकडे ग्राफ पेपरवर मांडले की आकार ओळखू येतो:

- सगळीकडे सारखा जास्त प्ले: गिअरबॉक्स, माउंटिंग, वाढलेलं मध्यांतर (पिनियनच्या मध्यापासून रॅकपर्यंतचं अंतर) किंवा समान झिजलेला पिनियन.
- मधल्याच पट्ट्यात फुगवटा: रॅकची स्थानिक झीज. छोटे जॉब एकाच कोपऱ्यात लागत असतील तर फुगवटा त्या कोपऱ्यात.
- एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू चढ: रॅक गाइडवेला समांतर नाही. ही झीज नव्हे, बसवण्यातली चूक.
- दुसऱ्या मालिकेत २०० मिमीच्या फेऱ्यात एक लाट (जॉबवर ती दर २०० मिमीला दिसते): पिनियनचं रनआउट (केंद्र सोडून फिरणं) किंवा एखादा खराब दात.
- ५०० किंवा १००० मिमीला उडी: रॅकच्या तुकड्यांचा जोड.

जॉबच्या कडेवरच्या लाटांनाही हाच नियम लावा, पण एक खात्री करून: तोच कट अर्ध्या फीडने पुन्हा घ्या. लाटांमधलं अंतर मिमीमध्ये तेवढंच राहिलं तर कारण दातांत किंवा जोडात आहे. अंतर बदललं तर ते कंपन आहे, सर्व्होकडे किंवा टूलकडे बघा. वर्तुळाच्या कटमध्ये एक्स अक्षाचा प्ले एक्सच्या दोन टोकांना पायरी देतो, वायचा वायच्या टोकांना.

तापमानाचीही गल्लत होते. पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०११५ मिमी वाढतं. ३ मीटरचा अक्ष ५ अंशांनी तापला तर ०.१७ मिमी. एवढी चूक पाहून घाबरायला होतं, पण ती लांबीतली आहे. दिशा उलटतानाच्या प्लेशी तिचा संबंध नाही.

७. पिन ठेवून रॅक मोजा

जास्त वापराचा पट्टा आणि अगदी टोकाचे, पिनियन सहसा न पोचणारे दात पुसून घ्या. टोकाचे ते दात तुमचं मोफत मास्टर गेज आहेत. दातांच्या माथ्यावर पिनियन टेकत नसल्याने माथा झिजत नाही, म्हणून उंचीचा आधार तिथून घ्यायचा. माथ्यांवर बसेल असा छोटा सपाट ब्लॉक, त्यात प्लंजरचा डायल, आणि खाचेत दाताच्या तिरप्या रेषेत ठेवलेली पिन. मोड्यूल ३ च्या खाचेत ५ मिमीची पिन माथ्यापेक्षा साधारण ०.३५ मिमी वर राहते. माथ्याला बर (धातूची उचललेली धारदार कड) आली असेल तर आधी तेलदगडाने ती काढा.

या मापाची खुबी अशी की दातांचा २० अंशांचा उतार झीज मोठी करून दाखवतो. एकाच बाजूची झीज ०.०१ मिमी असेल तर पिन ०.०१५ खाली बसते, दोन्ही बाजूंची प्रत्येकी ०.०१ असेल तर जवळपास ०.०३. टोकाच्या दातांशी तुलना केली की रॅकचं खरं नुकसान आकड्यात मिळतं, कॅटलॉग उघडावाही लागत नाही.

तुकड्यांच्या जोडावर हीच पिन ठेवा. जोडाची खाच बाजूच्या खाचांपेक्षा खोल किंवा उथळ असेल तर जोडाचा पिच बिघडला आहे. तो सुधारायला बोल्ट सैल करून जोडावर उलट रॅकचा गेज-तुकडा दाबून बसवतात. तिरप्या दातांना विरुद्ध हाताचा गेज-तुकडा लागतो, हे मागवताना विसरू नका.

८. पिनियनवर जास्त संशय घ्या

३ मीटरच्या एका फेरीत रॅकचा प्रत्येक दात एकदाच काम करतो, पिनियनचा प्रत्येक दात १५ वेळा. म्हणून बहुतेक मशीनवर पिनियन आधी जातो. तो स्वस्तही असतो आणि बदलायला सोपाही.

डिस्क मायक्रोमीटरने ठरावीक दातांवरून आडवं माप घ्या. २० दातांच्या सरळ पिनियनला ते ३ दातांवरून घेतात आणि मोड्यूल ३ ला ते २२.९८ मिमी येतं. अनेक पिनियनचे दात मुद्दाम जाड ठेवलेले असतात आणि तिरप्या दातांचा हिशोब वेगळा असतो, त्यामुळे हा आकडा आंधळेपणाने वापरू नका. ड्रॉइंग किंवा नवा पिनियन शेजारी ठेवून तुलना करा. वीसही जागी माप घेतल्यावर एखादा दात वेगळा निघाला तर दुसऱ्या मालिकेतल्या त्याच जागेशी पडताळा.

मग पिनियन जागेवर असताना खाचेत पिन ठेवून रनआउट पाहा.

९. दातांचे डाग ओळखा

- चकाकी, मुळाकडून माथ्याकडे बारीक ओरखडे, टोक धारदार: धुळीची झीज. पिच रेषेवर (दाताच्या उंचीच्या साधारण मध्यावर) घसरण शून्य असते, म्हणून तिथे एक अरुंद उंचवटा उरतो. नखाला तो लागत असेल तर झीज बरीच पुढे गेली आहे.
- पिच रेषेजवळ टाचणीएवढे खड्डे: पृष्ठभाग थकला आहे. भार जास्त, कठीणपणा कमी किंवा वंगणाचा थर अपुरा.
- ओरबाडल्यासारखे, वितळून फाटल्यासारखे पट्टे: वंगण तुटून धातूवर धातू चिकटला.
- रॅकवर दर २०० मिमीला तसाच खळगा: पिनियनच्या एका दातात धातूची चिप रुतली आहे आणि प्रत्येक फेऱ्यात ती ठसा उमटवते. आधी ती चिप काढा.
- मुळाशी केसाएवढी रेघ: धडकेनंतर हमखास तपासा. डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाने) खात्री करा. तडा निघाला तर तो भाग चालवू नका.

कठीणपणाबद्दल शंका असेल तर दाताच्या न वापरलेल्या कडेवर बारीक कानस हलकेच फिरवा. कडक केलेल्या दातावर ती घसरते, मऊवर चावते.

शेवटी पाच-सहा दातांना पातळ ब्लू लावून अक्ष हळू फिरवा. ठसा दाताच्या रुंदीच्या मधोमध, पसरलेला हवा. एकाच कडेला आला तर पिनियनचा अक्ष तिरका आहे. नवे भागही त्याच कडेला झिजतील. फक्त माथ्याकडे आला तर पिनियन लांब बसला आहे.

१०. निर्णय आणि ॲडजस्टमेंट

माउंटिंग किंवा रॅकचे बोल्ट ढिले असतील तर आधी मॅन्युअलच्या टॉर्कने घट्ट करा, डॉवेल पिन (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) तपासा आणि चौथी पायरी पुन्हा करा. निम्मी प्रकरणं इथेच मिटली तरी नवल वाटू नये.

फक्त पिनियन झिजला असेल तर पिनियन बदला. रॅकवर उंचवटा किंवा खड्डे असतील तर एकटा नवा पिनियन घालू नका, तो लवकरच खराब होतो. रॅक नवा बसवत असाल तर पिनियनही नवाच घ्या. एकाच पट्ट्यात झीज असेल आणि बोल्टची भोकं जुळत असतील, तर टोकाचा चांगला तुकडा मध्ये आणि मधला टोकाला नेता येतो. जोड मात्र गेज-तुकड्यानेच जुळवावे लागतात.

पिनियन आत सरकवून प्ले कमी करताना हिशोब असा: मध्यांतर ०.१० मिमी कमी केलं की सरळ दातांत प्ले ०.०७३ ने, आपल्या तिरप्या दातांत ०.०७७ ने कमी होतो. ०.०६ घालवायचा तर साधारण ०.०८ आत.

आणि इथेच सगळ्यात महाग पडणारी चूक होते. झिजलेल्या मधल्या पट्ट्यात उभं राहून प्ले काढला, की न झिजलेल्या टोकांना दात एकमेकांत रुततात. मोटरचा लोड चढतो, आवाज किंचाळतो, गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. ॲडजस्टमेंट नेहमी नकाशातल्या सगळ्यात घट्ट जागी आणि पिनियनच्या सगळ्यात उंच दातावर करायची. त्या जागी मॅन्युअलमध्ये दिलेला किमान प्ले राहिलाच पाहिजे. एवढं करूनही मध्ये जास्त प्ले उरला तर तेवढा रॅक खरोखर गेला आहे.

कॉम्पेन्सेशनचा आकडा वाढवूनही हे सुटत नाही. तो पूर्ण अक्षाला एकच असतो, त्यामुळे मध्ये बरोबर बसला की टोकांना धक्का देतो. शिवाय कटिंगचा जोर टूलला त्या प्लेमध्ये ढकलतच राहतो, तिथे आकडा काही करू शकत नाही.

काम झाल्यावर अक्ष पूर्ण लांबीवर सावकाश चालवून मोटरचा लोड लिहा, फेल्टचं चाक वंगणात भिजवून बसवा, उरलेला प्ले मोजून कॉम्पेन्सेशनचा नवा आकडा भरा आणि दोन्ही मालिकांचे आलेख तारखेसह पॅनेलमध्ये ठेवा. आठवडाभराने बोल्टचा टॉर्क आणि पहिली मालिका पुन्हा एकदा घ्या.